त्यांच्या पश्चात एक मुलगा, एक मुलगी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज निधनवार्ता छापून येतात. त्यांतल्या बहुतेकींचा शेवट ठरलेला असतो: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार आहे.’ गेलेला माणूस पस्तीस-चाळिशीतला असेल, तर तो मुलगा दुसरी-तिसरीत असतो आणि मुलगी अजून बालवाडीत. हे पत्र त्या दोघांबद्दल आणि त्यांच्यासोबत मागे राहिलेल्या आईबद्दल किंवा बाबांबद्दल आहे. पुण्यातल्या शाळांमध्ये आणि रुग्णालयांत आम्ही अशा कुटुंबांबरोबर काम करतो. तिथे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. त्या कुणी वाईट हेतूने करत नाही, मायेपोटीच होतात, आणि थोडं आधी माहीत असेल तर टाळताही येतात.

सगळ्यात आधी बातमी सांगण्याविषयी. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ म्हणून मुलाला शेजारच्या घरी नेऊन बसवतात, समोर कार्टून लावून देतात. पण दाराबाहेर वाढत चाललेला चपलांचा ढीग त्याने पाहिलेला असतो. आजीचा हंबरडा भिंतीपलीकडून त्याला ऐकू आलेला असतो. जे सांगितलं जात नाही ते मूल मनानेच रचतं आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून बातमी त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत सांगावी. आईने किंवा बाबांनी स्वतः सांगावी. तोंडातून शब्दच फुटत नसतील तर मुलाच्या रोजच्या सहवासातल्या मावशीने, काकाने सांगावी, पण आई किंवा बाबा त्याला जवळ घेऊन बसलेले असावेत. टीव्ही बंद, खोलीत दोन-तीनच माणसं. वाक्यं चार पुरतात: ‘एक खूप वाईट गोष्ट सांगायची आहे. बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण बाबा वारले.’ एवढं बोलून थांबायचं. ‘वारले’ हा शब्द मुलाला माहीत नसेल तर त्याला ठाऊक असलेल्या मरणाशी जोडून द्यायचा. अंगणातलं मांजर मेलं होतं, सुकलेलं झाड पुन्हा फुटलं नव्हतं, असं काहीतरी त्याने पाहिलेलं असतंच.

‘देवाघरी गेले’, ‘शांत झोपले’, ‘चांदणी झाले’ हे शब्द मोठ्यांना सोसवतात म्हणून आपण वापरतो. पाच वर्षांच्या आतलं मूल ते जसेच्या तसे घेतं. देवाघरी गेलेत तर येणार कधी, हे ते रोज विचारतं. ‘झोपले’ म्हटलं तर रात्री स्वतः झोपायला घाबरतं आणि दुपारी आई जरा आडवी झाली की तिला हलवून हलवून जागं करतं. ‘चांगली माणसं देवाला आवडतात’ हे ऐकून चांगलं वागायचीच भीती धरणारी मुलंही असतात. श्रद्धा असलेल्या घराने ‘देवाघरी’ म्हणूच नये, असं आमचं म्हणणं नाही. क्रम मात्र पाळावा: आधी वारले, मग वारले म्हणजे काय, आणि त्यानंतर आपल्या घरात आपण काय मानतो ते. मेलेलं कुणीच परत येत नाही, हे साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांच्या मनात पक्कं होतं. त्याआधी एकच प्रश्न पन्नास वेळा आला तरी पन्नास वेळा त्याच शब्दांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर बदललं की मुलाची आशा पुन्हा जागी होते.

बातमीनंतरच्या काही दिवसांत चार गोष्टी मुलाच्या कानावर पुन्हा पुन्हा पडाव्या लागतात. बाबांच्या शरीराला आता भूक, थंडी, दुखणं काहीच जाणवत नाही. ते परत येणार नाहीत. तू रागावलास, दंगा केलास, मनात काहीबाही आणलंस म्हणून हे झालेलं नाही. आणि तुला शाळेतून कोण आणणार, डबा कोण करणार, रात्री जवळ कोण झोपणार, हे असं असं ठरलं आहे. यातली तिसरी गोष्ट मुलाने विचारली नाही तरी सांगायचीच. चार ते आठ वर्षांच्या मुलाला आपल्या मनातल्या रागाने जगात काहीही घडू शकतं असं वाटतं आणि ही शंका ते सहसा बोलून दाखवत नाही. चौथी ऐकून ‘याला आत्ता डब्याचं पडलंय’ असं कुणाला वाटेल. त्या प्रश्नाच्या पोटात ‘आता तूही जाणार नाहीस ना’ हा प्रश्न असतो.

बातमी ऐकून मूल ‘मग मी खाली खेळायला जाऊ?’ म्हणालं, तर त्याला निगरगट्ट समजू नये. मुलांचं दुःख श्रावणसरीसारखं असतं: दहा मिनिटं कोसळतं, मग लख्ख ऊन, पुन्हा सर. सुतकात हसलं-खेळलं म्हणून डोळे वटारले, तर मूल खेळणं सोडत नाही. रडणं मात्र लपवायला शिकतं.

स्मशानात न्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. वयाचा एकच नियम सांगता येत नाही. मुलाला आधी सगळं सांगावं, मग विचारावं आणि ते म्हणेल तसं करावं. सगळं म्हणजे खरोखर सगळं: तिरडी, नाकातला कापूस, खांद्यावरचं मडकं आणि त्याला पाडलेली भोकं, मोठ्यांचं मोठ्याने रडणं. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी असेल तर दार कसं उघडतं आणि बंद होतं, हेही. शरीराला आता काही जाणवत नाही हे आधी नीट समजलेलं असेल, तरच ‘बाबांना भाजेल’ ही भीती राहत नाही. सोबत एक मोठं माणूस फक्त मुलासाठी असावं. ज्याला विधीत काही काम नाही आणि मुलाने ‘चल’ म्हणताच जो बाहेर पडू शकेल, असं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अग्नी द्यायला उभं करत असतील तर त्याला काय काय करायचं आहे ते आधी घरी दाखवावं आणि काकाचा हात त्याच्या हाताबरोबर मडक्याला असावा. तो नको म्हणाला तर दुसऱ्या कुणी अग्नी द्यावा. असा अधिकार इतर नातलगांना परंपरेनेच दिलेला आहे. मुलगी ‘मी येते’ म्हणाली तर तिला अडवू नये.

दहाव्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याचा फारसा विचार होत नाही. ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवलेले असतात, मंडळी मागे सरून उभी राहतात आणि कावळ्याची वाट पाहणं सुरू होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कावळा कठड्यावर बसतो, मान वाकडी करतो आणि उडून जातो. मग कुजबुज सुरू होते: ‘काहीतरी इच्छा राहिली असणार.’ कुणी पुढे होऊन हात जोडतं: ‘पोरांची काळजी करू नकोस, आम्ही आहोत.’ तरी कावळा येत नाही. सगळ्यांच्या नजरा नकळत त्या नऊ वर्षांच्या मुलाकडे वळतात. कुणीतरी म्हणतं, ‘तू सांग बाबांना, मी नीट अभ्यास करेन म्हणून.’ तो सांगतो. त्यानंतर लगेच कावळा शिवला, तर आयुष्यभराचं एक वचन त्या मुलाच्या मानेवर बसतं. नाहीच शिवला आणि शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला, तर बाबा आपल्यावर नाराज होऊन गेले असं ते मूल समजून चालतं. पुढे कधी गणितात नापास झालं की त्याला घाटावरचा तो कठडा आठवतो. पितृपक्षात पान ठेवलं की तीच वाट पाहणं पुन्हा येतं.

विधी करू नका, असं आम्ही म्हणत नाही. ज्या घरांना त्यातून धीर मिळतो त्यांनी जरूर करावेत. पण मुलाला घाटावर न्यायचं असेल तर आदल्या रात्री एवढं सांगून ठेवा: कावळा कधी येतो, कधी येत नाही. माणसं गोळा झाली की पक्षी बुजतात. सकाळपासून दहा ठिकाणचे पिंड खाऊन त्याचं पोटही भरलेलं असतं. तो आला नाही तर बाबा रागावलेत असा त्याचा अर्थ नाही. आणि घाटावर मुलाकडून कसलंही वचन बोलून घेऊ नका. गुरुजींनाही हे आधी सांगता येतं. आमच्या अनुभवात बहुतेक गुरुजी ते समजून घेतात.

अशीच दोन वाक्यं घरात ऐकू येतात. ‘आता तूच घरातला कर्ता’ आणि ‘तू रडू नकोस, तू रडलास की आई रडेल.’ पहिल्याने मुलाचं बालपण थांबतं. दुसऱ्याने आई आणि मूल एकाच घरात एकमेकांपासून लपून रडू लागतात, ती बाथरूममध्ये नळ सोडून आणि तो पांघरुणात. त्यापेक्षा आईने समोर रडावं आणि रडता रडता सांगावं: ‘मला बाबांची आठवण आली म्हणून रडतेय. तू काही केलेलं नाहीस. थोडं बरं वाटलं की आपण चहा-दूध घेऊ.’ मोठं माणूस रडतं आणि मग उठून गॅस पेटवतं, हे मुलाने पाहणं फार मोलाचं असतं. अर्थात रात्रभर मुलाच्या गळ्यात पडून रडणं, कर्जाच्या आणि सासरच्या तक्रारी त्याच्यापाशी उगाळणं वेगळं. त्या ऐकायला आईला दुसरं मोठं माणूस हवं.

इथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी अमेरिकेत ७० कुटुंबांतल्या, आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. त्या काळात कधी ना कधी साधारण एक-तृतीयांश मुलांना गंभीर म्हणावा असा त्रास झाला. मूल कसं सावरेल हे सर्वांत जास्त कशावर अवलंबून होतं, तर उरलेले आई किंवा बाबा रोजचं घर कसं चालवू शकतात यावर. काही मुलांचा त्रास तर दुसऱ्या वर्षात वर आला. आपल्याकडची सगळी माणुसकी मात्र पहिल्या तेरा दिवसांत खर्च होते. घरात पाय ठेवायला जागा नसते, पिठलं-भाताचे डबे चार घरांतून येतात. तेराव्याला गोड जेवण होतं, मंडळी पांगतात आणि चौदाव्या दिवशी सकाळी सात वाजता ती बाई एकटी ओट्यापाशी उभी असते. पोरीची वेणी, मुलाचा डबा, बस पावणेआठची. बँकेचा फोन. आणि तीन तासांची झोप.

‘काही लागलं तर सांग’ असं म्हणून ती कधी सांगत नाही, कारण काय मागावं हेच तिला सुचत नसतं. त्याऐवजी वार आणि काम ठरवून सांगा: ‘मंगळवारी आणि गुरुवारी मी मुलांना शाळेतून आणीन, पुढचं वर्षभर.’ वर्षभर हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या कुणीतरी कागदपत्रं अंगावर घ्यावीत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर ते कळवतात, पण नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय ना, हे नोंद होतानाच बघावं. नंतर दुरुस्तीला महिने जातात. महापालिकेकडून दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, गॅस, वीज, सोसायटी, शाळा, प्रत्येक ठिकाणी एक लागते. ज्या घरात कमावतं माणूस गेलं आहे त्यांनी राज्य शासनाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. १८ वर्षांखालच्या मुलासाठी त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. तुम्ही रांगेत उभं राहून वाचवलेला तिचा एक दिवस मुलाला आई म्हणून परत मिळतो.

घरात मुलासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. आपली गादी, आपली शाळा, जेवणाची आणि झोपेची तीच वेळ. मामाकडे महिनाभर पाठवून ‘वातावरण बदल’ करू नये. एक पालक आधीच गेलेला असताना त्याचं घरही सुटतं. शिस्त सैल करू नये. मोबाइल, जंक फूड, उशिरापर्यंत जागणं, ‘बिचाऱ्याला काय बोलायचं’ असं म्हणत सगळं मोकळं सोडलं की मुलाला वाटतं, आता घरात कुणी मोठं उरलेलंच नाही. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शोकात असलेल्या कुटुंबांसाठी १२ बैठकांचा एक कार्यक्रम तयार झाला. त्याचा चांगला परिणाम १५ वर्षांनंतरही दिसला. त्यात पालकांना शिकवलेल्या गोष्टी अशाच आहेत: रोज थोडा वेळ फक्त त्या मुलाबरोबर, ते बोलेल ते मध्ये न तोडता ऐकणं, आणि नियम तेच ठेवणं. रोज पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मूल म्हणेल तो खेळ. बोललंच पाहिजे असं नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं समोरासमोर बसवलं की गप्प होतात. स्कूटरवर मागे बसलेली असताना किंवा शेजारी उभी राहून भांडी पुसताना जास्त बोलतात.

गेलेल्या माणसाच्या वस्तू तेराव्याच्या आत वाटून टाकायची घाई करू नये. मुलाला दोन-तीन वस्तू स्वतः निवडू द्याव्यात. शर्ट निवडला तर तो धुऊ नका, वास जातो. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. आणि मोबाइल. बाबांच्या फोनमधले आवाजाचे संदेश, व्हिडिओ, फोटो पहिल्याच महिन्यात दुसरीकडे उतरवून ठेवा. रिचार्ज बंद पडलं की काही महिन्यांनी नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. रात्री गुपचूप ‘बाबा, मिस यू’ असं पाठवणाऱ्या मुलीला एक दिवस अनोळखी माणसाचा फोटो दिसतो आणि उलट उत्तर येतं, ‘हू इज धिस?’ नंबर बंद होणार आहे, हे तिला आधी सांगा आणि लिहायला एक वही द्या.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर ‘अपघात झाला’ म्हणून सांगू नये. शाळेच्या मैदानावर मुलाला ते कळतंच आणि मग घरातल्या कुणावरच त्याचा विश्वास राहत नाही. तपशील देऊ नयेत. ‘आईच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्यात तिने स्वतःचा जीव घेतला, ते तुझ्यामुळे झालं नाही’ एवढं पुरे.

अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईला क्षणभर न सोडणं, अभ्यासात मागे पडणं, हे पहिले काही महिने अपेक्षित आहे. रागावू नये. पण महिनोन्महिने शाळा सुटणं, खाणं-झोप पार बिघडणं, कशातच रस न उरणं, स्वतःला इजा करणं, असं दिसलं तर तज्ज्ञाकडे जावं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित निकषांत रेंगाळलेल्या शोकाच्या निदानासाठी मोठ्यांना एक वर्षाची मुदत आहे, मुलांना सहा महिन्यांची. ‘मलाही बाबांकडे जायचंय’ असं मूल म्हणालं तर दचकून गप्प करू नका. ‘जायचंय म्हणजे काय करायचंय?’ असं शांतपणे विचारा. लहानांच्या बाबतीत बहुतेक वेळा ती नुसती आठवण असते. मरण्याचं बोलणं असेल, तर वय कितीही असो, त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटं ठेवू नका. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

शेवटची विनंती शहरातल्या मुख्याध्यापकांना. मूल परत येण्याआधी वर्गशिक्षकांनी घरी फोन करून, वर्गाला काय सांगायचं ते त्याच्याशीच ठरवावं. पहिले दोन-तीन दिवस अर्धी शाळा चालते. बाक दाराजवळ द्यावा आणि रडू आलं तर विचारायला न लागता कुणाकडे जायचं ते ठरवून द्यावं. ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ असं वर्गात एकदम सगळ्यांना म्हणू नये, ‘घरच्यांना’ म्हणावं. ‘मातृदिना’चं भेटकार्ड करायचं असेल तर त्या मुलाला आदल्या दिवशी बाजूला घेऊन विचारावं. काही मुलांना आईसाठीच करायचं असतं, त्यांना करू द्यावं. आणि मृत्यूची तारीख त्या मुलाच्या नोंदीत लिहून ठेवावी. जूनमध्ये वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात आणि ही एवढी माहिती नेमकी मागच्या कपाटात राहते. नव्या बाईंना काहीच माहीत नसतं. वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मूल वहीवर डोकं टेकून बसलेलं असतं आणि त्याला उभं राहून धडा वाचायला सांगितलं जातं. जूनमध्ये हजेरीपट हातात देताना ती तारीखही सोबत द्यावी.

आपले,
शोकात असलेल्या मुलांबरोबर काम करणारे काही समुपदेशक, पुणे